नमुना: एक रिक्षा

अन्याय झाला तो चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्या कंत्राटी बायकांवर. कधी, तर गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, पहिली पाळी सुटल्या सुटल्या, कॅंटीनमध्ये. त्या दिवशी त्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, तुम्ही कामाबाबत समाधानी आहात का? समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही. तिन्हीपैकी एक बोला. सगळ्या म्हणाल्या, समाधानी.

कुणी कुणाला मारलं नाही. शिवी दिली नाही. उलट चहा दिला, आणि चहाबरोबर पारलेचा पुडा. म्हणून हा अन्याय कुठल्या पेपरात आला नाही आणि येणारही नाही. त्या ओळीत माझी आई होती. मला माहीत आहे म्हणून मी लिहिते.

आम्ही मुकुंदवाडीत राहायचो. मूळचे वैजापूर तालुक्यातले. वडील निम्मे गावच्या शेतात आणि निम्मे शहरातल्या एका गोदामाच्या फाटकावर. घर चालायचं ते आईच्या पॅकिंगवर. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, खोकी पेटीत भरायची, दिवसभर उभं राहून, डोक्यावर निळी टोपी. कंत्राटी. म्हणजे काम कारखान्याचं आणि बाई ठेकेदाराची.

मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय समाजशास्त्र. विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं होतं. पत्रकाचा नियम तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं शिकवला होता: "पहिल्या ओळीत कुणावर अन्याय अन् कधी. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं. मधलं काय वाट्टेल ते लिही, मधलं कुणी वाचत नाय." तुम्ही मात्र मधलं वाचा. सगळी गोष्ट मधेच आहे.

त्या वर्षी मी जे पत्रक वाटत होते ते बसचं. कारखान्याची बस पूर्वी मुकुंदवाडीच्या नाक्यावर थांबायची आणि पॅकिंगच्या बायकांना घेऊन जायची. मग ठेकेदार बदलला आणि एका सकाळी बसच्या दारात उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं, ही गाडी फक्त परमनंटवाल्यांसाठी. बस बंद झाली असती तर एवढं लागलं नसतं. बस चालूच होती. तीच बस, त्याच रस्त्यानं, निम्मी रिकामी, आमच्या आयांच्या अंगावर धूळ उडवत रोज जायची, आणि बायका शेअरिंगच्या रिक्षात एकीवर एक बसून तिच्या मागं. मागणी साधी होती: रिकाम्या सीटवर बसू द्या. त्यासाठी मी सुट्टीच्या वेळेला गेटसमोर पत्रकं वाटायचे आणि परतीला त्यांच्याच रिक्षात घुसायचे.

त्या रिक्षात मी जे शिकले ते मला पुढं दोन-दोन ठिकाणी फी भरून कुणी शिकवायला पाहिजे होतं. म्हणून सांगते ती रिक्षा कशी होती.

गेटपासून वसाहतीचा आतला रस्ता संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. का, तर साहेब लोकांच्या मोटरसायकली त्याच रस्त्यानं जायच्या, आणि रिक्षाला काचा नसतात. रिक्षा जालना रोडला लागली, ट्रकांचा आवाज सुरू झाला, की मग बोलायचं. पहिली बोलायची ती काठावर बसलेली. काठावरची जागा सगळ्यात वाईट, एक पाय बाहेर, म्हणून तिचा पहिला मान, आणि तिच्या शेजारणीनं तिचा दंड धरून बसायचं. दंड धरलेला असायचा तोवर ती बोलायची, मग पुढची. कुणी ठरवलेलं नव्हतं. पण नवी बाई आली की तीही दोन दिवसांत शिकायची. सुपरवायझरनं काय म्हटलं, संडासाला जायचं तर कुणाला विचारावं लागतं, कुणाची पाळी चुकली, कुणाच्या नवऱ्यानं मोबाईल फोडला, सगळं त्या जालना रोडवर. मुकुंदवाडीच्या नाक्याला आई आणि मी उतरायचो. मागं उरलेल्या सिडकोकडं, आणि तिथून रिक्षा बदलून खाला रोशन गेटला.

खाला म्हणजे पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. नात्यानं कुणाचीच खाला नव्हती, सगळ्यांची होती. मराठी आमच्याइतकंच बोलायची, पण चिडली की दखनी.

तर त्या सोमवारी आई घरी आली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "आज एक पोरगी आलती कॉलेजातली. कागद घेऊन. सगळ्यांना इचारलं."

"काय विचारलं?"

"बरं हाय का, काम कसं हाय, साहेब कसे हाईत. परमनंट करायचेत म्हनं काय जणींना."

"ती म्हणाली असं?"

"ती कशाला म्हनंल? बाया म्हनत होत्या."

"अन् साहेब कुठं होते?"

"तिथंच की. चहा पीत."

मी पुढं काही विचारलं नाही. सर्व्हे लोक येतच असतात. घरकुलाचे, पोलिओचे, मतदार यादीचे. एक पोरगी आली, गेली.

दिवाळी झाल्यावर बायकांनी धाडस केलं. बसच्या मागणीवर सह्या आणि अंगठे घेतले आणि चौघीजणी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. आई त्यात, खालाही त्यात. मी गेटबाहेर टपरीवर उभी. त्या बाहेर आल्या तेव्हा कुणी माझ्याकडं बघेना. रिक्षात बसलो. आतला रस्ता संपला, जालना रोड लागला, ट्रक सुरू झाले, तरी कुणी बोलेना. काठावर त्या दिवशी फर्दापूरकडची एक नवी लग्न झालेली मुलगी होती. तिचा दंड धरून आई बसली होती. शेवटी काठावरचीच म्हणाली, "आपण लिहून दिलंय म्हनं."

"काय लिहून दिलंय?" मी.

आई म्हणाली, "साहेब म्हणला, कॉलेजच्या लोकांनी पाहणी केली. शास्त्रीय पाहणी. बाया समाधानी हाईत. मग आता बस कशाला? तुम्हाला कुणीतरी भरवतंय म्हणला." आणि माझ्याकडं बघितलं.

"हम कब लिख के दिए?" खाला उसळली. "वो छोकरी पूछी, मैं बोली सब ठीक है. बोलने में और लिखने में फरक है के नै?"

"पण सब ठीक है का म्हणालीस खाला? रोज तर रिक्षात बोंबलतेस."

खालानं माझ्याकडं असं बघितलं जणू मी शाळेत गेलेच नाही. "बेटा, मेरे दादा बोलते थे, निजाम गए, पोलिस ॲक्शन हुआ, उसके बाद जो भी आया, कागज लेके आया. कौन किधर था, किसका भाई किधर गया. हमारे घर में बच्चे को पहले येइच सिखाते. कागजवाला आया तो क्या बोलना? सब ठीक है. दूसरा कुछ बोलनाच नक्को."

मग एकेक सुरू झाली. एक म्हणाली, मला वाटलं परमनंटची यादी करायलेत, म्हणून मी तर लई समाधानी म्हणले, ओव्हरटाईम बी आवडतो म्हणले. दुसरी म्हणाली, "व्हय की, मी पण. अन् आजारपण कधीच नाय म्हणून सांगितलं." फर्दापूरची म्हणाली, "मला तर इचारलंच नाय. मी शेवटी होते. त्या कागदवालीची बस चुकत होती, तिनं माझ्या पुढचीचंच बघून माझं भरलं." यावर सगळ्या हसल्या. हसायलाच पाहिजे होतं.

"अन् तू?" मी आईला विचारलं.

आई म्हणाली, "मला तिची कीव आली गं. तासभर उभी होती, घामाघूम, तोंड सुकलेलं. तुझ्याच वयाची. नाय म्हणलं असतं तर 'का' इचारलं असतं, अन् मग खाली अजून चार रकाने होते. म्हणलं जाऊ दे, सुटू दे लेकराला."

घ्या. एक भीतीनं, दोन आशेनं, एक न विचारता, आणि एक दयेनं. सगळ्यांच्या पुढं खूण एकाच चौकोनात. त्याची बेरीज झाली, बेरजेचा तक्ता झाला, तक्त्याचा निष्कर्ष झाला, आणि निष्कर्षानं त्यांची बस अडवली. शास्त्रीय म्हणे! शास्त्र एवढंच होतं की विचारणारीला तिच्या सरांनी सांगितलं, व्यवस्थापनाची परवानगी घे, आणि व्यवस्थापन म्हणालं, जरूर, आम्ही स्वतः उभं राहून मदत करतो.

त्या पोरीवर माझा राग नाही. तिला पद्धत म्हणून जे दिलं ते तिनं वापरलं. राग आहे तो देणाऱ्यावर.

आणि नेमकी तीच वेळ माझ्या एम. ए.ची. समाजशास्त्रच करायचं हे ठरलं होतं, आणि काय शोधायचं तेही. कंत्राटी बाई कधी, कुठं आणि कुणासमोर खरं बोलते. विषय हातात होता, जागा माहीत होती, बायका ओळखीच्या होत्या. कुठं शिकायचं एवढंच ठरवायचं होतं. 'एवढंच'.

कुणाकुणाला विचारलं. वडील म्हणाले, "जवळचं घे." मामा म्हणाला, "जिथून सेट-नेट लवकर निघतं ते घे." कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "जिथं होस्टेल आहे ते बघ." संघटनेतले म्हणाले, "इथंच राहा, निवडणूक आहे." मैत्रीण म्हणाली, "हजेरी कुठं कमी लागते?" तुला काय शोधायचंय आणि ते शोधायची पद्धत तिथं कुणाला येते का, हे विचारणारा या अख्ख्या शहरात एक माणूस निघाला नाही. हळकुंड घ्यायला गेलेली बाईसुद्धा दोन दुकानं फिरून, मोडून, वास घेऊन घेते. पोरांची दोन वर्षं मात्र आम्ही डोळे मिटून घेतो.

शहरातल्याच एका महाविद्यालयाचं पदव्युत्तर केंद्र होतं. ती कागदवाली पोरगी तिथलीच. हे मला अर्ज भरायच्या आधी माहीत होतं. आणि दूर, एका रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावर, दुसरं एक ठिकाण होतं, ज्याच्याबद्दल ऐकलं होतं की तिथं मुलांना आधी एका जागी नुसतं बसवतात. महिनामहिना. जे दिसतं, ऐकू येतं ते लिहायचं, मग प्रश्न. तिथला अर्ज इंग्रजीत होता आणि घरात रेल्वेचं नाव काढलं की आईचा चेहरा उतरायचा. मी दोन्हीकडं अर्ज केला. जवळच्या केंद्राची मुलाखत आधी लागली.

तीन जण बसलेले. मधे विभागप्रमुख सर. सभ्य माणूस, स्वतः उठून पंखा माझ्याकडं वळवला. म्हणाले, "विषयाचा काही विचार केलाय का?"

मी सांगितला.

"छान. पद्धत?"

"त्यांच्यात बसून ऐकायचं, सर. सुट्टी झाल्यावर."

"नमुना किती?"

"एक रिक्षा."

डावीकडच्या सरांनी चष्मा काढला. "एक रिक्षा? मीटरवाली की शेअरिंगची?"

तिघं हसले. मीही हसले असते, विनोद वाईट नव्हता. पण मी म्हणाले, "शेअरिंगची, सर. मीटरवालीत बाई एकटी असते, एकटी बाई बोलत नाही."

हसणं थांबलं. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, तुमच्या केंद्राची पाहणी झाली त्या कारखान्यात. प्रश्न विचारताना साहेब तिथं उभे का होते?"

सर रागावले नाहीत. हेच वाईट. समजावल्यासारखं म्हणाले, "परवानगी त्यांची, जागा त्यांची. आपण तटस्थ असतो. आणि हे बघा, तुम्ही पत्रकं वाटता ना गेटवर? मग तुम्ही त्यांना काय विचारणार? 'तुमच्यावर अन्याय होतो का?' तुमच्या रिक्षात बसलेली बाई तुम्हाला 'नाही' म्हणेल? तिथं साहेब उभा होता, इथं तुम्ही बसलेल्या आहात. फरक काय?"

हा टोला बसला. अजून बसलेला आहे. त्या माणसानं दोन वर्षांत मला एवढी एकच गोष्ट शिकवली असती, की हा फरक कसा पाडायचा, तर मी आज त्यांच्या पाया पडले असते. पण त्यांना तो फक्त टोला मारायला हवा होता. माझ्यासारखीला गप्प बसवण्यापुरती त्यांना पद्धत चांगली समजत होती. साहेबाला कॅंटीनबाहेर काढण्यापुरती समजत नव्हती.

निघताना म्हणाले, "हुशार आहेस. ये तर आधी. पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखंच असतं. दुसऱ्या वर्षी प्रबंधाच्या वेळी बघू तुझ्या रिक्षाचं."

या शेवटच्या वाक्यावर मी प्रवेश घेतला. दूरच्या ठिकाणाचं बोलावणं नंतर आलं, तोवर आईनं शेजारपाजारी पेढे वाटले होते. मी गेले नाही.

पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा एक अख्खा पेपर होता. तो असा शिकवायचे: सर खुर्चीत, हातात पिवळी पडलेली टिपणं, आणि आम्ही उतरवून घ्यायचं. मुलाखतीचे प्रकार. मुलाखतीचे गुण. मुलाखतीचे दोष. वर्षभरात आम्ही एकाही माणसाची मुलाखत घेतली नाही. 'सहभागी निरीक्षण' हा शब्द परीक्षेला दहा गुणांना यायचा, मी त्याला पैकीच्या पैकी घेतले, वर्गात पंख्याखाली बसून. बाहेर जालना रोडवरून माझी आई, खाला आणि फर्दापूरची रोज जात होत्या. पण त्यांची पाळी सुटायची त्या साडेतीनला मला सुट्टी नसायची. तासाला हजेरी होती.

दुसरं वर्ष उजाडलं. मी सरांकडं गेले. "सर, रिक्षाचं..."

"कसली रिक्षा?"

आठवण करून दिली. सर म्हणाले, "असं कसं जमेल? मार्गदर्शक वाटून झालेत की."

केंद्राची रीत अशी होती: मार्गदर्शक हजेरी क्रमांकानं मिळायचे. पहिले अमुक क्रमांक या सरांचे, पुढचे त्या मॅडमचे. आणि विषय मार्गदर्शकाबरोबर यायचा, नवरीबरोबर भांडी येतात तसा. बदलून मिळत नाही. माझ्या क्रमांकाला ज्या मॅडम आल्या त्यांचा विषय होता महाविद्यालयीन मुलींचा मोबाईल वापर. प्रश्नावली तयार होती, मागच्या वर्षीची. फक्त कॉलेजचं नाव बदलायचं.

मॅडम वाईट नव्हत्या. दार लावून हळूच म्हणाल्या, "बेटा, मलाही असंच मिळालं होतं. मला खरं तर देवळांबाहेर बसणाऱ्या बायकांवर करायचं होतं." आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट फिरवत बसल्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला कळलं की आणखी वर्षभर इथं राहिले तर याच टेबलाच्या पलीकडं मी असेन.

मी केंद्र सोडलं. घरात जे व्हायचं ते झालं. वडील महिनाभर बोलले नाहीत. आई म्हणाली, "वरीस फुकट घालवलंस." मी म्हणाले, "मी नाही, त्यांनी घालवलं." ती म्हणाली, "कुणी का घालवंना, गेलं ना?"

दूरच्या ठिकाणी पुन्हा अर्ज केला. तिथल्या मुलाखतीत मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रिक्षा सांगितली. मग समोरच्या बाई हिंदीवर आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्या रिक्षात तुझ्यासाठी जागा कोण करतं?"

मी विचार केला. म्हणाले, "माझी आई सरकते. तिचा डबा मांडीवर घेते."

"मग तुझ्यासमोर त्या बायका तुझ्या आईबद्दल काय बोलत नसतील, हे तुला कसं कळणार?"

हाच तो टोला, सरांचाच. पण इथं तो मला बाहेर घालवायला मारला नव्हता. आत घेऊन, बस आणि यावर काम कर म्हणून दिला होता. त्या दिवशी मला कळलं मी काय शोधत फिरत होते. माझ्या बाजूचं ठिकाण नको होतं. माझी चूक मला वेळेवर दाखवेल असं ठिकाण हवं होतं.

तिथं शिकले. खरंच शिकले. एका बाजारात भाजीवालीच्या मागं पोत्यावर बसून काही आठवडे गप्प राहायला शिकले. पत्रकं लिहिणारीला याहून मोठी शिक्षा नाही. स्वतःचा प्रश्न स्वतःच खोडायला शिकले. आणि आता आपली तयारी झाली, आता प्रबंधासाठी रिक्षात बसायचं, असं म्हणून सुट्टीत घरी आले.

आई घरात होती. कामाच्या वेळेला.

"आज गेली नाहीस?"

"पाडव्यापासून नाय जात." ठेकेदार पुन्हा बदलला होता. नव्यानं पॅकिंगच्या जुन्या बायका सगळ्या काढल्या आणि वाळूजकडून नवीन पोरी आणल्या. फोनवर मला सांगितलं नव्हतं, माझी परीक्षा होती म्हणून. आणि नव्या पोरींना, ऐका, बस होती. ठेकेदाराची स्वतःची.

रिक्षाच नव्हती. रिक्षावाला आता 'बाबा पेट्रोलपंप' नावाच्या चौकातून भाडं मारत होता.

मी एकेकीच्या घरी गेले. रोशन गेटला खालाकडं गेले तर ती साड्यांना फॉल लावत बसलेली. सून दारात उभी. खालानं मला जवळ घेतलं, शिरखुर्मा नाही म्हणून बिस्किटं आणवली. मी शिकले होते त्याप्रमाणं आधी काहीच विचारलं नाही. तासभर सुईत दोरा ओवून दिला. मग सांगितलं की मी हे लिहिणार आहे, तुमची परवानगी असेल तर, आणि वही काढली. खालानं वहीकडं बघितलं. सुनेकडं बघितलं.

"सब ठीक है बेटा," ती म्हणाली. "अल्ला का शुकर है."

मी वही मिटली. हे वाक्य काय असतं ते तिनंच मला शिकवलं होतं.

फर्दापूरला गेले. ती मुलगी दिराच्या हॉटेलात होती, लेणी बघायला येणाऱ्यांना भजी तळून देत. मला बघून इतकी हसली की झारा हातातून पडला. गिऱ्हाईक होतं, दीर गल्ल्यावर होता. म्हणाली, "बरं चाललंय, ताई." आणि कढईकडं वळली. तिथं तिचा दंड धरायला शेजारी कुणी नव्हतं.

माझ्या प्रबंधात शेवटी हेच आलं, की त्या कुठं बोलायच्या आणि ती जागा कशी गेली. मुलाखत घेणाऱ्या त्या बाई म्हणाल्या होत्या, लिही की त्या बोलल्या नाहीत, आणि का. लिहिलं. चांगले गुण मिळाले. इंग्रजीत आहे, दूरच्या एका शहरातल्या कपाटात आहे, आणि ज्यांच्यावर आहे त्यांच्यापैकी एकीलाही तो वाचता येत नाही. 'समाधानी'वाला प्रबंध मात्र मराठीत आहे, इथंच आहे, आणि साहेबांच्या केबिनमध्येही त्याची प्रत आहे. दरम्यान शहराच्या नावाची पाटी बदलली. बेरीज तीच आहे.

मी हे सगळं आईला समजावून सांगत होते. पद्धत म्हणजे काय, वेळ का महत्त्वाची. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग तवाच का नाय बसलीस आमच्यात? आम्ही तर रोजच जात होतो. तवा तू काय शिकत होतीस गं, वरीसभर?"

मुलाखतीचे गुण आणि दोष.

म्हणून आता तुम्ही. बी. ए. संपवून जो कोणी हातात प्रवेशाचा अर्ज घेऊन बसला आहे तो, जी बसली आहे ती. फी, होस्टेल, हजेरी, निकाल, हे मागाहून विचारा. आधी त्या विभागात जा. ग्रंथालयाच्या माणसाला म्हणा, मागच्या पाच वर्षांतले प्रबंध काढून द्या. निष्कर्ष वाचू नका. माणसांना कुठं विचारलं, परवानगी कुणी दिली, आणि विचारताना शेजारी कोण उभं होतं, ते पान शोधा. ते पान नसेल, किंवा सगळ्यांत तेच ते उतरवलेलं असेल, तर तो प्रबंध हातात धरून विभागप्रमुखाच्या दारात उभे राहा आणि विचारा: माझ्या माणसांना मी कसं विचारायचं ते इथं कोण शिकवतं? नाव सांगा. ते माणूस दाखवत नाहीत तोवर अर्जावर सही करू नका. 'दुसऱ्या वर्षी बघू' म्हणाले तर तिथून उठा. तुमची माणसं, तुमची रिक्षा, तुमचा जो काही रस्ता असेल तो, आज चालू आहे. उद्या सकाळी ग्रंथालय उघडेल तेव्हा दारात तुम्ही असा.